जे परत करता येत नाही

आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी युरोपात प्राचीन ग्रीक व रोमन कला आणि पुरातत्त्व या विषयाचा पदव्युत्तर अभ्यास करीत आहे. नाताळच्या सुट्टीत ती घरी आली असता मिस्साबलिदानानंतर देवळाच्या पायऱ्यांवर तिने आम्हांला विचारले, "फादर, चोरीच्या वस्तूवर प्रबंध लिहिणे हे पाप आहे का?" प्राध्यापकांनी तिला एका संग्रहातील ग्रीक चित्रकुंभ सुचविला आहे. कुंभ सुंदर आहे, त्यावर अद्याप कोणी लिहिलेले नाही. मात्र तो कोठे सापडला याची एका ओळीचीही नोंद संग्रहापाशी नाही. सेमिनरीत शिकलेले नीतिशास्त्र याचे उत्तर चटकन देईल असे आम्हांला वाटले. तसे झाले नाही.

या विषयातील एक प्रकरण सर्वश्रुत आहे. इसवी सनापूर्वी सुमारे 515 मध्ये अथेन्स येथे युक्सिथेओसने घडविलेले आणि युफ्रोनिओसने रंगविलेले एक क्रेटर, म्हणजे द्राक्षारसात पाणी मिसळण्याचे मोठे पात्र, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 1972 साली दहा लाख डॉलरना विकत घेतले. रणांगणी पडलेल्या सार्पेडोनचा देह निद्रा आणि मृत्यू हळुवारपणे उचलीत आहेत, असे त्यावरील चित्र. (क्रुसावरून उतरविलेल्या प्रभूची चित्रे पाहत वाढलेला कोणीही कॅथलिक तेथे थबकेल.) हे पात्र लेबननमधील एका संग्राहकाच्या घरचे, असे विकणाऱ्याने सांगितले होते. वस्तुतः ते 1971 च्या अखेरीस रोमजवळच्या चेर्वेतेरी येथे एक एट्रुस्कन थडगे फोडून काढले गेले, असे तपासात निष्पन्न झाले. 2008 साली ते इटलीला परत मिळाले.

चोराने वस्तू परत केल्यावाचून त्याचा पश्चात्ताप पुरा होत नाही, ही संत थॉमस अक्विनास यांची शिकवण. येथे वस्तू परत झाली. पण थडगे फोडणाऱ्यांनी दोन गोष्टी चोरल्या होत्या. अथेन्सचे पात्र एका एट्रुस्कनाच्या उशाशी का आले, शेजारी काय ठेवले होते, निजलेली व्यक्ती स्त्री होती की पुरुष, ही सारी साक्ष फावड्याखाली गेली. ती कोण परत करणार? नोव्हेंबरात आप्तांच्या कबरींवर मेणबत्त्या लावणाऱ्या आपल्या कुटुंबांना ही हानी समजावून सांगण्याची गरज नसावी.

पुरातत्त्वज्ञही थडगी उघडतातच की, असे कोणी म्हणेल. उघडतात, पण थरामागून थर मोजीत, लिहून ठेवीत. आणि आपण ख्रिस्ती लोकांनीही फार सोवळे होऊ नये. 1578 मध्ये रोमचे एक विस्मृत कॅटॅकोम उघडकीस आल्यानंतर अनेक अस्थी रक्तसाक्ष्यांच्या म्हणून युरोपभर नेण्यात आल्या. कित्येकांची नावेही ठाऊक नव्हती. देरॉसी यांच्यासारखा काटेकोर संशोधक आणि नववे पायस यांनी 1852 साली नेमलेला आयोग पुढे लाभला, हे आपले भाग्य.

आता मुलीचा प्रश्न. ती चोर नव्हे. नीतिशास्त्राच्या भाषेत तिचे सहकार्य फार दूरचे. तथापि विद्वानाच्या लेखाने वस्तूला प्रतिष्ठा मिळते, प्रतिष्ठेने किंमत वाढते आणि किमतीपायी आणखी एक थडगे फुटते. म्हणूनच 'अमेरिकन जर्नल ऑफ आर्किऑलॉजी' 1973 नंतर मिळविलेल्या, पूर्वेतिहास नसलेल्या वस्तूंचा पहिला परिचय न छापण्याचे धोरण पाळीत आले आहे. उलट पक्षी काही अभ्यासक म्हणतात की चित्रकाराचा हात निर्दोष आहे, त्याला पुन्हा का पुरावे? हा युक्तिवाद आम्हांला पोकळ वाटत नाही. परंतु पहिला परिचय लिहिणे म्हणजे केवळ पाहणे नव्हे.

आम्ही तिला सांगितले, "1970 च्या युनेस्को करारापूर्वीचा एखादा कागद आहे का, ते प्राध्यापकांना लेखी विचार. नसेल तर दुसरा विषय माग. रीतसर उत्खननातील साध्या खापऱ्या चालतील."

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "फादर, शिष्यवृत्ती दोनच वर्षांची आहे. खापऱ्यांवर लिहून मला नोकरी कोण देणार?"

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. तीन राजांच्या सणानंतर ती परत गेली. तिने ते पत्र लिहिले की नाही, हे आम्ही अद्याप विचारलेले नाही.