हप्ता गाडीचा की चालवणाऱ्याचा?

वीस वर्षांत कोणाला साधा धक्काही न लावलेले एखादे शिक्षक आणि दारू पिऊन गाडी चालवताना दोनदा पकडला गेलेला तरुण, या दोघांकडे १२०० सीसीची गाडी आहे असे समजू. जून २०२२मध्ये लागू झालेल्या दरपत्रकानुसार थर्ड पार्टी विम्यासाठी दोघांनाही वर्षाला सारखेच ३,४१६ रुपये आणि वर कर, एवढा हप्ता पडतो. खासगी मोटारीचा हा दर सरकार इंजिनाच्या क्षमतेवरून ठरवते. ती चालवतो कोण, याची चौकशी त्यात नाही.

नो क्लेम बोनसची (एनसीबी) सवलत आहे, पण ती गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यापुरती. क्लेम न करता पाच वर्षे गेली की ती ५० टक्क्यांपर्यंत पोहोचते. ही सवलत टिकावी म्हणून माणसे लहानसहान पोचे खिशातून काढून घेतात. दारूच्या चलानाशी मात्र तिचे काही देणेघेणे नाही.

यावर उपाय सुचला नव्हता असे नाही. विमा नियामक ‘इर्डाई’च्या कार्यगटाने जानेवारी २०२१मध्ये वाहतूक नियमभंगासाठी वेगळा हप्ता सुचवला. दारू पिऊन गाडी चालवल्यास १०० गुण, चुकीच्या पार्किंगला १० गुण आणि गुणांप्रमाणे भुर्दंड, अशी ती योजना. सुरुवात दिल्ली परिसरातून व्हायची होती, पण तेव्हा ती पुढे सरकली नाही. तिच्यात मुळातच एक गोची होती: भुर्दंड नोंदणीकृत मालकावर बसणार होता. आपल्याकडे गाडी वडिलांच्या नावावर, चालवतो मुलगा. किंवा मालक मागे बसलेला आणि पुढे पगारी ड्रायव्हर. ई-चलानचा कॅमेरा नंबरप्लेट टिपतो, माणूस नाही. शिवाय थकलेली चलाने लोकअदालतीत तडजोडीने मिटण्याची वाट पाहणारे कमी नाहीत. अशा नोंदींवर विम्याचा दर ठरवणे धोक्याचे आहे.

अमेरिकेत चालकाच्या नोंदीला वजन आहे. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९८८मध्ये मंजूर केलेल्या कायद्यात हप्ता ठरवताना पहिले स्थान चालकाच्या सुरक्षिततेच्या नोंदीला दिले आहे. दारूच्या गुन्ह्यानंतर अनेक राज्यांत विमा कंपनीला ‘एसआर-२२’ नावाचे हमीपत्र सरकारदरबारी भरावे लागते. ज्याला कोणीच विमा देत नाही, त्याच्यासाठीही तिथे वेगळी सोय असते. तरीही विम्याविना गाडी हाकणारे उरतातच. म्हणून इतरांना त्यांच्यापासून बचावासाठी आणखी एक कव्हर घ्यावे लागते. बेफिकीर माणसाला शिक्षा म्हणून हप्ता वाढवावा, तर तो विमाच सोडून देतो आणि मग भुर्दंड पडतो अपघातग्रस्ताला.

मोटार वाहन कायद्याने थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला तो रस्त्यावरच्या तिऱ्हाइताला भरपाई मिळावी म्हणून. स्वर्ण सिंग प्रकरणात २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही परवान्याच्या वादात पीडिताला आधी भरपाई द्यावी आणि कंपनीने नंतर ती मालकाकडून वसूल करावी, ही वाट मोकळी ठेवली. जोखमीच्या चालकाचा हप्ता वाढवताना हे भान सुटता कामा नये.

म्हणून वाढीव आकार पॉलिसीवर न लावता परवान्यावर लावावा. आधार फक्त न्यायालयात सिद्ध झालेल्या गंभीर गुन्ह्यांचा घ्यावा: दारू पिऊन किंवा धोकादायक रीतीने गाडी चालवण्याचा. चुकीच्या पार्किंगला त्यात जागा नको. तीन वर्षे नोंद स्वच्छ राहिली की आकार रद्द व्हावा. तो थकला तर परवाना निलंबित व्हावा. गाडीचा विमा मात्र चालू राहावा.

याला मर्यादा आहेतच. पुण्यात कल्याणीनगरला मे २०२४मध्ये मोटारीच्या धडकेत दोघांचा जीव गेला, तेव्हा आरोपी अल्पवयीन होता. जिथे परवानाच नाही, तिथे आकार कशावर लावणार? तिथे पालकांना आणि मालकाला जबाबदार धरणारे २०१९च्या दुरुस्तीतले कलमच वापरावे लागेल. आणि ज्याला पैशाची फिकीर नाही, त्याच्या लेखी वाढीव आकार म्हणजे दारू पिऊन गाडी चालवण्याची फी. त्यामुळे दुसऱ्यांदा गुन्हा सिद्ध झाला की पैशाचा हिशेब थांबवून परवानाच काढून घ्यावा. बेदरकार चालकाला सरळ करणे आरटीओचे आणि न्यायालयाचे काम आहे. ते विमा कंपनीच्या दरपत्रकावर ढकलता येणार नाही.