अनुभव, स्मृती आणि कुळाचार

सणावाराला मुलांना काय करायला लावावे आणि काय दाखवावे, हा प्रश्न वरवर पाहता घरगुती वाटतो. परंतु आईवडिलांना प्रिय असलेला कुळाचार आणि त्यांना आवडलेला जुना चित्रपट मुलांपुढे येतो तेव्हा एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे नेमके काय जाते, असे विचारले की तो तत्त्वज्ञानाचा प्रश्न होतो. मनुस्मृतीने धर्माची मुळे सांगताना वेद, स्मृती आणि सदाचार यांच्यानंतर आत्मतुष्टीला, म्हणजे स्वतःच्या अंतःकरणाला लाभणाऱ्या समाधानाला, शेवटचे स्थान दिले आहे. आणि आषाढी एकादशीला साबुदाण्याची खिचडी झाल्यावर मुलांना ‘संत तुकाराम’ पाहायला बसवणाऱ्या पालकाची सारी भिस्त बहुधा या शेवटच्या मुळावरच असते.

न्यायदर्शन ज्ञानाचे अनुभव आणि स्मृती असे दोन भाग करते. एखाद्या गोष्टीचे नव्याने होणारे ज्ञान म्हणजे अनुभव. त्या अनुभवाचा आत्म्यावर जो ठसा राहतो त्याला ‘भावना’ नावाचा संस्कार म्हणतात, आणि पुढे केवळ या संस्कारातून जे ज्ञान उपजते ती स्मृती. या विवेचनाचा एक परिणाम पालकांनी क्वचितच लक्षात घेतलेला दिसतो: संस्कार ज्याच्या अनुभवातून निर्माण झाला त्याच्याच ठायी राहतो, त्यामुळे एकाची स्मृती दुसऱ्याला देता येत नाही. गणेशोत्सवात गल्लीत पडदा बांधून दाखवलेला चित्रपट पडद्याच्या उलट्या बाजूने पाहिलेल्या पिढीला तो आज पुन्हा पाहताना मुख्यतः स्वतःचे बालपण आठवत असते, तर शेजारी बसलेल्या मुलाला तो चित्रपट, आणि फक्त चित्रपटच, प्रथम दिसत असतो. दोघांची नजर एकाच दृश्यावर असली तरी दोघांना होणारे ज्ञान एका जातीचे नसते.

विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला, प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ (१९३६) या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम वडीलधाऱ्यांच्या मनात इतका ठसलेला असतो की त्याच्या बायकोचे, जिजाईचे, भांडण त्यांना केवळ विनोदी वाटते. परंतु पूर्वस्मृतीचे ओझे नसलेले मूल पुष्कळदा जिजाईचीच बाजू घेते, कारण घरात धान्य नाही, मुले उपाशी आहेत आणि नवरा मिळालेले वाटून टाकतो, हे त्याला भक्तीच्या आधी कळते. शेवटी तुकारामाला घेऊन विमान वैकुंठाकडे निघते आणि जिजाई संसारात मागे राहते. ती का गेली नाही, हा मुलाचा प्रश्न पोरकट नाही. प्रवृत्ती आणि निवृत्ती, म्हणजे संसारात राहून कर्म करणे आणि संसारापासून परतणे, या जुन्या वादाच्या तो थेट गाभ्याशी जातो. अशा वेळी ‘गप्प बसून बघ’ म्हणणारा पालक परंपरा राखत नाही, स्वतःची स्मृती राखतो.

मीमांसकांनी, म्हणजे वैदिक कर्मकांडाच्या वाक्यार्थाचा विचार करणाऱ्या आचार्यांनी, परंपरेच्या नावाखाली स्वतःचे काही राखण्याच्या या लोभाची दखल फार पूर्वी घेतली आहे. यज्ञातील एका होमाचे वस्त्र अध्वर्यूने, म्हणजे यज्ञकर्म करणाऱ्या ऋत्विजाने, स्वतःकडे घ्यावे असे सांगणारे स्मृतिवचन मीमांसेचे भाष्यकार शबरस्वामींनी प्रमाण मानले नाही, कारण त्यामागे लोभ हे दिसणारे कारण पुरेसे होते. हाच निकष घरातील आचारांना लावला तर काही आचार केवळ मोठ्यांच्या हौसेपायी टिकले आहेत, असे कबूल करावे लागेल. हौस वाईट नव्हे, पण तिला धर्माचा अधिकार सांगता येत नाही.

याच मीमांसेत होलाकाधिकरण नावाचा भाग आहे. होलाका, म्हणजे वसंतातील होळीसारखा उत्सव, पूर्वेकडील लोक करीत असत. तो त्यांच्यापुरताच बंधनकारक की सर्वांना, असा तेथे विचार केला आहे, आणि आचाराच्या मागे जे वेदवचन अनुमानाने मानायचे ते एखाद्या प्रदेशापुरते असू शकत नाही, असा निर्णय दिला आहे. लंडन किंवा न्यू जर्सीत दिवाळीचा फराळ सोयीच्या शनिवारी मांडणाऱ्या मराठी कुटुंबांना हा निर्णय दिलासा देणारा आहे; मात्र तिथीची सूट त्यातून निघत नाही, ती त्यांची त्यांनी घेतलेली आहे.

आचार कुळातूनच उतरतो, हे गृहीतकही ‘संत तुकाराम’ या चित्रपटापुढे टिकत नाही. वारकरी घरे ज्याला आज आपल्या एकादशीचा भाग मानतात, आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात ज्याचा गौरव झाला, त्या चित्रपटाच्या दोन दिग्दर्शकांपैकी फत्तेलाल हे मुसलमान होते.