आर्केडियाचं पाणी

आर्केडिया म्हटलं की झाडाखाली बासरी वाजवणारा मेंढपाळ, हिरवं कुरण, कसलीच ददात नसलेलं जगणं आठवतं. हे चित्र रुजलं ते प्रामुख्याने व्हर्जिल या रोमन कवीमुळे. पुढे युरोपच्या चित्रकारांनी त्यात रंग भरले. मला खरा आर्केडिया या चित्राहून कितीतरी मोलाचा वाटतो. ग्रीसच्या पेलोपोनीज द्वीपकल्पाच्या मधोमध, डोंगरांनी वेढलेला हा मुलूख. समुद्राशी त्याचा संबंध इतका कमी, की ‘इलियड’ या महाकाव्यात ट्रॉयच्या युद्धाला निघालेल्या इथल्या लोकांना जहाजंसुद्धा ग्रीकांचा सेनानी अगामेम्नॉन देतो.

इथला डोंगर बराचसा चुनखडीचा. काही खोऱ्यांतून पाण्याला बाहेर पडायला वाटच नाही. ते जमिनीतल्या विवरांत शिरतं आणि लांब कुठेतरी पुन्हा वर येतं. विवराचं तोंड तुंबलं, की शेतांचं तळं होतं.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या पॉसेनियस या ग्रीक प्रवाशाने इथल्या स्टिंफॅलस नगराची एक हकिगत नोंदवली आहे. आर्टेमिस देवीच्या उत्सवात लोकांनी हयगय केली. विवराच्या तोंडाशी लाकडं अडकली, सगळं शिवार पाण्याखाली गेलं. मग शिकाऱ्याच्या भीतीने एका हरणाने पाण्यात उडी घेतली. शिकारीही मागोमाग पोहत गेला. विवराने दोघांनाही गिळलं, त्यांच्यापाठोपाठ पाणीही गेलं आणि एका दिवसात जमीन उघडी पडली. मिथक म्हणजे अडाणीपणा, असं मानणाऱ्यांनी ही गोष्ट सावकाश वाचावी. देवीचा कोप तिच्यात आहे, तसंच अडकलेलं लाकूडही आहे. विवर कशाने तुंबतं आणि मोकळं झालं की पाणी कसं झपाट्याने ओसरतं, हे सांगणाऱ्यांना पुरतं ठाऊक होतं.

शेजारच्या फेनिऑसमध्ये तर सिंह मारणारा पुराणवीर हेराक्लीस नदीसाठी कालवा खणतो. पन्नास स्टेडियम, म्हणजे सुमारे नऊ किलोमीटर लांबीचा. पॉसेनियसच्या काळापर्यंत नदी तो सोडून जुन्या पात्रात परतली होती. पिढ्यान्‌पिढ्या गाळ उपसणाऱ्यांनी आपल्या कष्टाला हेराक्लीसचं नाव दिलं असावं, असं मला वाटतं.

आर्केडियातल्या या पाण्याने खरीखुरी भांडणंही लावली. ते कुणाच्या शिवारात सोडायचं, यावरून टेगिया आणि मँटिनिया ही शेजारी नगरं लढत आली होती. पुढे तर पाण्याचंच हत्यार झालं: इसवी सनापूर्वी 385 मध्ये स्पार्टाने मँटिनियातून वाहणारी नदीच अडवली. तुंबलेलं पाणी चढलं, कच्च्या विटांचे तट भिजून खचले आणि नगर शरण आलं. पंधराएक वर्षांनी मँटिनियाच्या लोकांनी आपलं नगर पुन्हा उभारलं, तेव्हा नदी तटाबाहेरून वळवून घेतली.