शेवटच्या डब्याचा तांबडा दिवा

शर्यतीत जो मागे राहतो त्याच्याशी बाकीच्यांनी कसे वागावे, हा प्रश्न खरे तर आम्हाला नांदेडमध्येच पडायला हवा होता. तो पडला इंग्लंडमध्ये, रस्त्याच्या कडेला उभे असताना.

२०१४ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता लेकीकडे हडर्सफील्डला गेलो होतो. १९०३ साली सुरू झालेली ‘टूर द फ्रान्स’ ही सायकल शर्यत त्या वर्षी फ्रान्समधून न निघता इंग्लंडच्या यॉर्कशायर भागातून निघाली. ६ जुलैचा दुसरा टप्पा यॉर्क ते शेफील्ड असा २०१ किलोमीटरचा होता आणि तो हडर्सफील्डवरून जाणार होता. रमजान नुकताच लागला होता. तिकडे त्या दिवसांत रोजा अठरा तासांच्या वर जातो. तरीही लेक, जावई, नातू आणि आम्ही असे सगळे रस्त्यावर जाऊन उभे राहिलो. या शर्यतीला तिकीट नसते. रस्ता सगळ्यांचा, म्हणून तमाशाही सगळ्यांचा. आमच्या शेजारी गोरी कुटुंबे खुर्च्या टाकून बसली होती, पाकिस्तानी आणि गुजराती बायका पोरांना कडेवर घेऊन उभ्या होत्या.

आधी जाहिरातींच्या गाड्यांचा ताफा गेला. मग बराच वेळ काही नाही. आणि मग घोळका आला. दीडशेच्या वर सायकली, पण एक मिनिटही लागले नाही. वाऱ्याचा झोत अंगावर आला आणि गेला. कोण पुढे, कोण मागे, काही कळले नाही. त्यानंतर मात्र मागे पडलेले स्वार एकेक, दोनदोन करून येऊ लागले. त्यांचे चेहरे आम्हाला नीट दिसले. तोंडे उघडी, अंगावर मिठाचे पांढरे डाग. तहान म्हणजे काय ते त्या दिवशी आम्हालाही ठाऊक होते. आम्ही टाळ्या वाजवू लागलो. सगळा रस्ताच वाजवत होता, पुढच्यांसाठी वाजवल्या त्याहून जोरात.

नातू सात वर्षांचा. आईकडून दखनी शिकलेला. त्याने विचारले, “नाना, ये तो हार गया ना? फिर ताली कायकू बजाते तुम?”

आम्हाला उत्तर सुचले नाही. मनात आला तो आमच्या धाकट्या भावाचा मुलगा.

त्याला दहावीला बरे गुण मिळाले, तेव्हा त्याला लातूरला पाठवण्याचा आग्रह आमचाच होता. ‘लातूर पॅटर्न’चे नाव महाराष्ट्रभर झाले होते. लोहा, अहमदपूर, चाकूर करीत एसटीने आम्हीच त्याला खोलीवर सोडून आलो. भावाने त्यासाठी जमिनीचा तुकडा विकला. पोराने दोनदा वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा दिली आणि दोन्ही वेळा तो मागे राहिला. परत आला तेव्हा कुणी त्याला बोलले नाही. हीच तर गोष्ट आहे, कुणीच बोलले नाही. लग्नकार्यात त्याचा विषय निघाला की आम्ही दुसरे काहीतरी काढायचो. तो देगलूर नाक्याजवळ एका दुकानात पंखे आणि मोटारी दुरुस्त करायला लागला, हेही आम्हाला बाहेरून कळले. परक्या मुलखात ज्याचे नावही माहीत नाही अशा माणसासाठी आम्ही हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या आणि घरच्या पोरासाठी चार वर्षांत एक शब्द खर्च केला नाही.

इथे कुणी म्हणेल, शर्यत ती शर्यतच. सगळ्यांना पहिले कसे करणार? खरे आहे. आपल्या छातीवर सुरी चालवणारा डॉक्टर परीक्षेत उतरलेलाच हवा. चांगल्या कामात एकमेकांच्या पुढे जा, असे कुराणही सांगते. निवड करणे हा अन्याय नाही. टूर द फ्रान्समध्येही विजेत्याच्या वेळेवरून मुदत ठरते आणि ती चुकली की स्वार बाद होतो. पण निवड परीक्षेने करायची असते, आणि न निवडलेल्यांचे काय करायचे हे परीक्षा ठरवत नाही. ते घर ठरवते, मोहल्ला ठरवतो. आपण मात्र परीक्षेचा निकाल माणसाचा निकाल समजतो. लातूर-नांदेडच्या चौकाचौकांत यशस्वी मुलांचे फोटो फलकांवर लागतात. त्याचा आनंद आम्हालाही होतो. पण प्रत्येक फोटोमागे शेकडो पोरे रात्रीच्या एसटीने गावी परततात, त्यांना उतरवून घ्यायला स्टँडवर कोण जाते?

आपल्या समाजात तर पुष्कळ मुले शर्यतीच्या सुरुवातीलाच गळतात. ६ ते १४ वयातली २५ टक्के मुस्लिम मुले एकतर शाळेत गेलीच नाहीत किंवा त्यांनी शाळा सोडली, असे सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवले होते. अशा समाजाला मागे राहिलेल्याची लाज वाटणे परवडणारे नाही.

त्या शर्यतीचा शेवट आम्ही पुढे वर्तमानपत्रात वाचला. १९८ स्वार निघाले, १६४ पॅरिसला पोहोचले. इटलीचा निबाली जिंकला. शेवटचा, १६४ वा, होता जी चेंग, ही शर्यत धावणारा पहिला चिनी स्वार. निबालीपेक्षा सहा तासांहून जास्त वेळ त्याला लागला. पण त्याचे काम जिंकण्याचे नव्हतेच. पळून पुढे गेलेल्यांना गाठण्यासाठी त्याने घोळक्याच्या तोंडाशी राहून वारा अंगावर घ्यायचा आणि आपल्या संघातल्या किटेलला ताजे ठेवायचे. किटेलने त्या वर्षी चार टप्पे जिंकले. अशा स्वाराला फ्रेंचमध्ये जे नाव आहे त्याचा अर्थच घरगडी. म्हणजे यादीत जो सर्वांत खाली, तो रस्त्यावर तासन्‌तास सर्वांच्या पुढे होता. यादी खोटी नसते, पण ती एकच गोष्ट मोजते.

शेवटच्या स्वाराला तिथे ‘तांबडा दिवा’ म्हणतात. आगगाडीच्या शेवटच्या डब्याला दिवा असतो, त्यावरून. नांदेड स्टेशनवर आपण तो दिवा कितीदा पाहिला असेल. तो दिसला की रेल्वेचा माणूस समजतो, गाडी पूर्ण आली, मधे डबा तुटून राहिला नाही. इंजिन आले म्हणजे गाडी आली असे तो धरत नाही.

जमातच्या नमाजचेही असेच आहे. मागे म्हातारे, दुबळे, कामाची घाई असलेले लोक असतात म्हणून इमामने नमाज लांबवू नये, अशी पैगंबरांची ताकीद आहे. शर्यतीची चाल सर्वांत बळकट माणूस ठरवतो. जमातची चाल सर्वांत अशक्त माणसाकडे पाहून ठरते. आयुष्यात दोन्ही लागतात. शर्यत संपल्यावर जमातीत परत यायचे असते, हे आपण विसरतो.

नांदेडला परतल्यावर आम्ही पुतण्याच्या दुकानावर गेलो. तो मोटारीची तार गुंडाळत होता. काम कसे चालले आहे, असे विचारले. त्याने मान वर केली नाही. म्हणाला, “चार साल के बाद पूछे चच्चा तुम.”

आम्ही स्टुलावर बसलो. त्याने चहा मागवला. नातवाच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला तेव्हा थोडेसे कळले. टाळी वाजवणे सोपे असते, कारण स्वार निघून जातो. घरचा माणूस समोरच बसलेला असतो, आणि त्याच्याजवळ थांबावे लागते.