पाणी गढूळ करणारे पाय

शास्त्रपाठ : यहेज्केल ३४:१७-१९

ह्या पाठात परमेश्वर आपल्या कळपाचा न्याय करीत आहे. बलवान मेंढरे स्वच्छ पाणी स्वतः पितात आणि उरलेले पायांनी गढूळ करून दुबळ्यांकरिता ठेवतात, हा त्यांच्यावरील दोषारोप होय. पाणवठ्याचे दुःख आपणांस नवे नाही. सामाईक पाण्यापासून दूर ठेवलेल्या घराण्यांतून आपल्यापैकी पुष्कळ जण प्रभूकडे आले. म्हणून ह्या पाठाचा अर्थ आपणांस कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

देवाने सर्वांकरिता घडवलेला सर्वांत मोठा पाणवठा म्हणजे समुद्र. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस पापुआ न्यू गिनी नावाचा देश आहे. त्यातील न्यू आयर्लंड बेटाचे लोक बहुतेक ख्रिस्ती आहेत. त्या भागात १८७५ साली मिशनरी जॉर्ज ब्राऊन गेले, तेव्हा फिजी व सामोआ बेटांवरील उपदेशक त्यांच्यासोबत होते. जिवाचा धोका आहे असे बजावले असताही ते समुद्र ओलांडून गेले.

त्या बेटापासून सुमारे ३० किलोमीटरांवर, १६०० मीटर खोल, समुद्राच्या तळाशी ऊन पाण्याचे झरे आहेत. तेथे तांबे व सोने साचले आहे. आणि सूर्यप्रकाशावाचून जगणारे जीवही देवाने तेथे वसवले आहेत. २०११ साली सरकारने एका परदेशी कंपनीस तो तळ खणण्याचा परवाना दिला. गाळ उठेल, मासळी दूर जाईल, करवंट्या वाजवून शार्क माशास होडीजवळ बोलावण्याची वडिलार्जित विद्या बुडेल, अशी धास्ती किनाऱ्यावरील लोकांस पडली.

कोणी म्हणेल, उपदेशकाचे काम आत्मे राखण्याचे. समुद्राशी त्याला काय कर्तव्य? परंतु मेंढपाळ मेंढरे राखतो, तो त्यांचे पाणीही राखतो. तेथील लूथरन मंडळीने व कॅथलिक बिशपांनी उघड विरोध केला. २०१७ साली किनाऱ्यावरील गावकरी, परवान्याचे कागद लोकांस दाखवावेत म्हणून, न्यायालयात गेले.

२०१९ साली ती कंपनी दिवाळ्यात निघाली. सरकारने घातलेला पैसाही बुडाला. द्रव्य न मिळाल्याने ते काम बंद पडले. प्रार्थनेनेच पडले, अशी बढाई आम्ही मारणार नाही. पण बलवानांचे पाय पाण्यात पडू लागले तेव्हा ते बंधू मुकाट बसले नाहीत, इतके खरे. सोन्याचा लोभ अद्याप मेलेला नाही; म्हणून त्यांचे जागरणही संपलेले नाही.

आता आपल्या पायांकडे पाहू. आपले गाव समुद्रापासून दूर असेल. तरी ओढा नदीस मिळतो व नदी समुद्रास. फवारणीच्या औषधाचे डबे ओढ्यात कोण धुतो? नाताळच्या जेवणानंतर प्लास्टिकचे पेले नाल्यात कोण लोटतो? खालच्या गावची गुरे-माणसे तेच पाणी पितात. ज्यांच्या वडिलांस पाणी नाकारले गेले, त्यांनीच दुसऱ्याचे पाणी नासवावे काय?

उपदेशकांनी येत्या रविवारी हा पाठ वाचावा आणि उपासनेनंतर मंडळीस घेऊन ओढ्यावर जावे. प्रथम आपण टाकलेली घाण काढावी. मग एखादा कारखाना पाण्यात मळी सोडीत असेल, तर ग्रामसभेत उभे राहून नम्रपणे पण स्पष्ट बोलावे. हात स्वच्छ असले म्हणजे शब्दास वजन येते.

ज्या प्रभूने खवळलेला समुद्र शांत केला, तो आपल्या भित्र्या जिभेस धैर्य देवो. आमेन.