शरीरभोग आणि चित्ताचा खेद

परमेश्वरधर्मात देहाला मोल नाही, असा समज बाहेरच्या लोकांत आहेच. आपल्यातही तो कमी नाही. देह पंचभूतांचा, नाशवंत. त्याचे दुखणे ते काय मोजावयाचे, असे आपण सहज बोलून जातो. दोन दिवसांच्या ज्वराला हे बोलणे शोभते. परंतु जे दुखणे वर्षानुवर्षे अंथरुणात शेजारी निजते व पहाटे आपल्या आधी जागे होते, त्यापुढे हे बोलणे टिकत नाही. तशा दुखण्याचा परिणाम केवळ अवयवावर राहत नाही. तो चित्तावर होतो, आणि चित्तावर झाला म्हणजे स्मरणावरही होतो. म्हणून हा प्रश्न केवळ वैद्यांचा नसून आपलाही आहे.

मुंबई–नाशिक महामार्गावरील पडघा या गावी काही दिवस मुक्काम असता हा प्रश्न एका वासनिक बाईंनी फार स्पष्टपणे विचारला. भिवंडी तालुक्याचा हा भाग मूळचा भातशेतीचा. अलीकडे रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोठमोठी गोदामे झाली आहेत. राब भाजणे, चिखलणी, लावणी, कापणी ही कामे वाकूनच करावयाची. गुडघाभर चिखलात कंबरेतून वाकून दिवसभर रोप लावीत मागे मागे सरकावयाचे, असे तीस पावसाळे ज्या बाईने काढले, तिच्या पाठीचा कणा काय सांगत असेल? बाई म्हणाल्या, “बाबा, स्मरणाला बसते, नाम ओठावर येते आणि मन कंबरेवर जाते. घरात सुनेवर, नातवंडांवर उगाच खेकसते. कधी वाटते, उद्या उठूच नये. मी देवाची अपराधी का?”

या प्रश्नाला घाईने उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. कोणी म्हणतो, “पूर्वकर्म आहे, भोगावेच लागणार.” कोणी म्हणतो, “स्मरण कमी पडते, म्हणून दुखते.” ही दोन्ही उत्तरे शास्त्राच्या नावाने दिली जातात. ती शास्त्राला धरून आहेत काय, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

प्रथम वेदनेचे स्वरूप पाहू. वेदना ही मुळात देहाची राखणदार आहे. ती नसेल तर काय होते, हे कुष्ठरोगात दिसते. वेल्लोर येथे 1946 पासून काम केलेले शल्यवैद्य पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, कुष्ठरोग्याची बोटे झडतात त्याचे मोठे कारण मांस सडणे हे नसून संवेदना जाणे हे आहे. भाजलेले, कापलेले कळतच नाही, आणि जखमेवर जखम होत जाते. म्हणजे वेदना ही शत्रू नव्हे. परंतु जुनाट दुखण्यात चोर निघून गेला तरी राखणदार ओरडतच राहतो. तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेला आजचे वैद्यक जुनाट म्हणते, आणि मूळ इजा भरून आल्यावरही मज्जासंस्था हळवी होऊन ती वेदना चालू राहू शकते, असे सांगते. तिने झोप मोडते. झोप मोडली की चित्त खिन्न होते. खिन्न चित्ताला तीच वेदना दुप्पट जाणवते. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 1979 साली केलेल्या व्याख्येतच वेदना हा देहाचा तसाच भावनेचाही अनुभव मानला आहे. तेव्हा दुखणाऱ्या माणसाची चिडचीड हा त्याच्या स्वभावाचा दोष नसून बहुधा दुखण्याचेच एक अंग असते.

आता शास्त्र. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ स्वतंत्र निरूपिले. कर्माचे फळ भोगविणे हा देवतांचा व्यापार. परमेश्वर तो जीवाच्या उद्धरणाचे व्यसन असलेला, कृपाळू. हा भेद आपण पाठ म्हणतो आणि रोग्याच्या उशाशी बसलो की विसरतो. “देवाने तुला शिक्षा केली” असे म्हणणारा परमेश्वराच्या ठिकाणी देवतांचा व्यापार ठेवतो. हा तत्त्वज्ञानातील लहानसहान प्रमाद नव्हे. शिवाय कोणत्या जीवाचे कोणते कर्म कोणत्या फळास आले, हे जाणणारा परमेश्वर एकच. शेजाऱ्याच्या कंबरेत त्याचे पूर्वजन्म वाचण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

कर्मसिद्धांत खोटा, असा याचा अर्थ नाही. तो स्वतःला लावावयाचा आहे. स्वतःच्या दुखण्याविषयी जो “हा माझा भोग” म्हणतो, त्याला त्यातून धीर मिळू शकतो. तेच वाक्य दुसऱ्याने ऐकविले की आरोप होतो. स्वामींनी अहिंसा सांगितली ती केवळ हाताची नव्हे, वाचेची व मनाचीही. पारध्यांच्या कुत्र्यांपुढून पळत आलेल्या सशाला त्यांनी आपल्यापाशी आश्रय दिला, ही लीळा आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. त्या सशाचे पूर्वकर्म त्यांनी काढले नाही.

येथे एक आक्षेप येईल. चिडचीड, खेद, निराशा यांनाही दुखण्याचे अंग म्हटले, तर विकारांना मोकळे रान मिळाले नाही काय? आक्षेप रास्त आहे. परंतु विकार उठणे निराळे आणि तो पोसणे निराळे. सुनेवर ओरडल्यावर जिला वाईट वाटते, तिने विकार पोसलेला नाही. मला भय वाटते ते विकाराचे नव्हे, विकल्पाचे. “परमेश्वराने मला टाकले” हा विकल्प एकदा चित्तात रुजला की धर्माचे मूळच सैल होते. आणि माझे निरीक्षण असे की, हा विकल्प रोग्याच्या मनात आपण होऊन क्वचितच उगवतो. तो बहुधा समाचाराला आलेल्या शहाण्यांनी पेरलेला असतो.

असल्या प्रसंगी थोरांचे दाखले देण्याचीही एक पद्धत आहे. आनंदवनाचे बाबा आमटे यांचा दाखला विदर्भात नेहमी दिला जातो. मणक्याच्या विकाराने त्यांना बसणे अशक्य झाले होते. उभे राहून किंवा आडवे पडूनच त्यांनी कित्येक वर्षे काम केले, 1985 साली भारत जोडो यात्रा काढली आणि 2008 साली देह ठेवला. दाखला खरा आहे. पण “त्यांनी केले, मग तुला काय झाले” असे म्हणणारा निम्मीच गोष्ट सांगतो. बाबांच्या उशाशी साधनाताई होत्या, भोवती सारे आनंदवन होते. लावणीवाल्या बाईच्या उशाशी कोण आहे, हे आधी विचारावे.

खेद हा आपल्या पंथाला अपरिचित नाही. स्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यावर भटोबास विरहाने व्याकूळ झाले. तो विरह आणि कंबरेचे दुखणे एक नव्हे, हे मान्य. परंतु खेद करणाऱ्याशी कसे वागावे, हे तेथून शिकता येते. त्यांना ऋद्धिपूर होते, श्रीगोविंदप्रभूंची सेवा होती, भोवती भक्तपरिवार होता. महदाइसा तर सतत प्रश्न विचारीत, आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरे मिळत. दुखणाऱ्याला प्रश्न विचारू द्यावा, एवढे तरी आपल्या हाती आहे.

त्या बाईंना मी इतकेच सांगितले की, बसून होत नसेल तर निजून स्मरण करा. घटकाभर होत नसेल तर पाच नामे घ्या. मन कंबरेवर गेले तर जाऊ द्या. परत आले की पुन्हा नाम घ्या. आसन चित्तासाठी आहे, चित्त आसनासाठी नाही. उठूच नये असे वाटते, हे मात्र घरात मोकळेपणाने बोला आणि डॉक्टरांपासूनही लपवू नका. तेही दुखणेच आहे, आणि त्यालाही औषध आहे.

आपल्या आश्रमांतूनही याचा विचार व्हावयास हवा. गुडघे गेलेल्या वृद्ध भिक्षूला अटन होत नाही, भिक्षेला जाववत नाही, आणि आपण आचारातून उतरलो या विचाराने तो आतल्या आत झुरतो. त्याच्यासाठी आणलेल्या भिक्षेतला घास तो अवघडून खातो. काही वृद्ध वैराग्याला बाधा येईल म्हणून औषध नाकारतात. काही उलट, कोणाला न सांगता दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणवून रोज घेतात. औषध घेण्याने वैराग्य जात नाही. परंतु त्या गोळ्या मनाने दीर्घकाळ घेतल्यास जठरास व मूत्रपिंडास अपाय होतो. प्रत्येक आश्रमात एका तरुण साधकाकडे हे काम सोपवावे: कोण काय घेतो ते त्याने पाहावे, वैद्याकडे त्यांना आपण घेऊन जावे, आणि रात्री ज्याला झोप येत नाही त्याच्यापाशी बसून थोडी लीळा वाचावी.