पॅड बांधून बसलेला मुलगा

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून स्नेहसंमेलनाची लगबग सुरू होते. पटांगणात मांडव पडतो, टेबलावर ढाली आणि चषक मांडले जातात, निवेदन करणारी मुलं आपली वाक्यं घोकत व्हरांड्यातून फिरत असतात. मग येतो बक्षीस समारंभ. शिष्यवृत्ती परीक्षेत चमकलेली, चित्रकलेच्या एलिमेंटरीत ‘अ’ श्रेणी मिळवलेली, कबड्डीत जिल्ह्यापर्यंत खेळून आलेली मुलं एकेक करून मंचावर जातात. खाली आईवडील मोबाइल उंच धरून उभे असतात. मला हा सोहळा मनापासून आवडतो. आपलं नाव, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट, भरल्या सभेत माइकवरून ऐकणं ही दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी फार मोठी गोष्ट असते. कौतुकानं मुलं बिघडतात असं म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. कौतुक वेळेवर न झाल्यामुळे कोमेजलेली मुलं मोठ्या संख्येनं आपल्या आसपास असतात.

आज सकाळी मनात आहे तो प्रश्न थोडा पुढचा आहे. शाळेनं टाळी कुणासाठी वाजवावी, आणि किती वर्षं थांबून वाजवावी?

मुंबईत दादरला शारदाश्रम विद्यामंदिर नावाची शाळा आहे. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डचा उपांत्य सामना चालू होता. शाळकरी मुलांची ही स्पर्धा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबईत खेळली जाते. समोर सेंट झेवियर्सचा संघ. शारदाश्रमचे दोन गडी बाद झाले आणि चौदा वर्षांचा सचिन तेंडुलकर आणि सोळा वर्षांचा विनोद कांबळी खेळपट्टीवर एकत्र आले. ते बाद झालेच नाहीत. दिवस संपला, दुसरा उजाडला, तरी दोघं खेळतच होते. डाव घोषित झाला तेव्हा फलकावर दोन बाद ७४८ होते. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९, भागीदारी ६६४ धावांची. त्यावर विनोदनं गोलंदाजीतही सहा बळी घेतले. ही गोष्ट महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचली आहे. ज्यांनी क्रिकेटची बॅट कधी हातात घेतली नाही, त्यांनाही ६६४ हा आकडा माहीत असतो.

त्या दोन दिवसांत मैदानाच्या कडेला एक मुलगा पॅड बांधून बसला होता. पुढचा गडी बाद झाला की त्याला फलंदाजीला जायचं होतं. वय तेरा. नाव अमोल मुझुमदार. शारदाश्रमचे प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सरांच्या सांगण्यावरूनच तो आधीची शाळा सोडून शारदाश्रममध्ये आला होता. हेल्मेट, ग्लोव्ह्ज, बॅट, सगळं तयार. प्रत्येक चौकारावर टाळी वाजवायची आणि प्रत्येक अपिलावर उठून उभं राहायचं. त्याची पाळी आलीच नाही. धावफलकात त्याच्या नावासमोर एक चेंडूसुद्धा नाही.

आता थोडं थांबून असा विचार करून पाहा की त्या वर्षी शाळेत सत्कार झाला असेल, तर त्या मुलाला मंचावर कोणत्या नावानं बोलावता आलं असतं? विक्रमात तो नव्हता. सामन्यात मात्र होता. विजयी संघात होता. दोन मित्रांचा पराक्रम त्यानं जितक्या जवळून पाहिला, तितका दुसऱ्या कुणीच पाहिला नसेल.

पुढची हकिकत क्रिकेट पाहणाऱ्यांना माहीत आहे, तरीही ती सलग सांगावीशी वाटते. १९९४ साली मुंबईकडून रणजी पदार्पणात, हरियाणाविरुद्ध, त्यानं २६० धावा केल्या. पदार्पणातल्या खेळीचा तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता. लोक म्हणू लागले, आता याची पाळी. पण भारतीय संघाच्या मधल्या फळीत द्रविड, गांगुली, लक्ष्मण आणि त्याचाच शाळासोबती सचिन घट्ट पाय रोवून उभे होते. वर्षं गेली. प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून अधिक धावा झाल्या, तीस शतकं झाली. २००६-०७ च्या हंगामात मुझुमदार यांच्या नेतृत्वाखाली मुंबईनं रणजी करंडक जिंकला, आणि वानखेडेवरच्या त्या अंतिम सामन्यात सचिन त्यांच्या संघातून खेळला. नंतर ते आसामकडून खेळले, आंध्रकडून खेळले. भारताची टोपी मात्र डोक्यावर कधीच आली नाही. २०१४ मध्ये त्यांनी निवृत्ती घेतली.

माणूस इथे कडवट होऊ शकला असता, आणि त्याला कुणी दोषही दिला नसता. पण ते शिकवायला लागले. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारताच्या महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. २०२५ च्या विश्वचषकात साखळीत ओळीनं तीन सामने हरल्यावर सगळीकडून टीका झाली. पुढे उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाचं मोठं लक्ष्य पार झालं आणि २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून भारताच्या मुलींनी पहिल्यांदा विश्वचषक उचलला. कर्णधार हरमनप्रीत कौर प्रशिक्षकांच्या पाया पडली, ते दृश्य लाखो लोकांनी पाहिलं. आझाद मैदानावरच्या त्या दोन दिवसांना तोवर सदतीस वर्षं उलटून गेली होती.

शाळा निकाल मोजते तो मे-जूनमध्ये. फार झालं तर पाच-सात वर्षांनी, कुणी डॉक्टर झालं, कुणी प्रशासकीय सेवेत गेलं, की पुन्हा एकदा. सदतीस वर्षं धीर धरून आपल्या विद्यार्थ्याकडे पाहत राहणं कोणत्याही संस्थेला सोपं नाही, हे मी समजू शकतो. मुख्याध्यापक बदलतात, इमारत बदलते, दप्तरातल्या नोंदी जुन्या होतात. खासगी शाळेला तर आणखी एक निकड असते. पुण्यात १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं, तेव्हा सरकारी नोकरी सोडून आलेले विष्णुशास्त्री चिपळूणकर, तरुण टिळक आणि त्यांचे सहकारी यांच्यामागे ना सरकार होतं ना संस्थानिक. मॅट्रिकला बसणारी मुलं कशी उतरतात, यावर शाळेची पत ठरणार होती. तेव्हा खासगी शाळेनं आपल्या विद्यार्थ्यांचं यश उंच धरावं यात कमीपणा नाही. तो तिचा जुना आणि रास्त अभिमान आहे. मला खटकतं ते एवढंच, की हल्ली फाटकावरचा फलक प्रवेश घ्यायला येणाऱ्या पालकांसाठी लिहिला जातो. आत शिकणाऱ्या मुलांसाठी लिहिला, तर त्यावरचा मजकूर बदलेल. टक्केवारी राहील, आणि शेजारी ते मूल त्या टक्केवारीपर्यंत कसं आलं, त्याला कुणी शिकवलं, कोणता विषय त्याला आधी जमत नव्हता, हेही येईल.

आचरेकर सरांचं कौतुकाच्या बाबतीतलं वागणं फार वेगळं होतं. एकदा शाळकरी सचिन आपला सराव सामना चुकवून वानखेडेवर गेला. तिथे हॅरिस शील्डचा अंतिम सामना होता, आणि दोन्ही संघ शारदाश्रमचेच, एक मराठी माध्यमाचा, एक इंग्रजी माध्यमाचा. आपल्या शाळेच्या मोठ्या मुलांसाठी टाळ्या वाजवायला तो गेला होता. सर तिथे भेटले, सराव सामन्याचं काय झालं हे त्यांनी विचारलं, आणि उत्तर ऐकून एक थप्पड ठेवून दिली. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवत बसू नकोस, लोक तुझ्यासाठी टाळ्या वाजवायला येतील असं खेळ, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. सचिननं ही आठवण स्वतः अनेकदा सांगितली आहे, ती कृतज्ञतेनं. नोव्हेंबर २०१३ मध्ये निरोपाच्या भाषणातही तो म्हणाला होता, की इतक्या वर्षांत सरांनी ‘छान खेळलास’ असं कधी म्हटलं नाही. आपला विद्यार्थी गाफील होईल अशी सरांना काळजी होती.

आचरेकर सरांबद्दल माझ्या मनात अतोनात आदर आहे. शिवाजी पार्कच्या मातीवर त्यांनी जे घडवलं, त्याला तोड नाही. एका असामान्य मुलाला त्या क्षणी जे हवं होतं ते त्यांनी ओळखलं. पण प्रशिक्षकाचं काम आणि शाळेचं काम यांत फरक आहे, असं मला ठामपणे वाटतं. प्रशिक्षकासमोर निवडलेली पंधरा मुलं असतात. शाळेसमोर येईल ते प्रत्येक मूल असतं. मोठ्या मुलांसाठी टाळ्या वाजवायला मैदानावर धावत जाणारा तो लहान सचिन शाळेच्या दृष्टीनं काहीच चुकीचं करत नव्हता. दुसऱ्याच्या यशानं मनापासून आनंद होणं ही शिकायची गोष्ट आहे, ती घरात शिकायला मिळतेच असं नाही, आणि मंचासमोर बसलेल्या पाचशे मुलांना ती शिकवण्याची संधी शाळेला वर्षातून एकदाच मिळते. पॅड बांधून बसलेल्या त्या मुलानं दोन दिवस तेच केलं होतं. पुढे संघातल्या पंधरा मुलींपैकी अकराच खेळणार असतात, उरलेल्या चौघींशी काय बोलायचं, हे प्रशिक्षक म्हणून त्यांना कुणी वेगळं सांगावं लागलं असेल असं मला वाटत नाही.

कौतुकाची घाईही मुलाला जड जाते. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलमधल्या क्लिफ्टन कॉलेज या खासगी शाळेत जून १८९९ मध्ये कॉलिन्स नावाच्या तेरा वर्षांच्या मुलानं शाळेतल्या ‘हाउस’च्या आपसातल्या सामन्यात नाबाद ६२८ धावा केल्या. त्या मैदानाला आज त्याचं नाव आहे. तो पुढे प्रथम श्रेणीचं क्रिकेट कधी खेळला नाही. सैन्यात गेला आणि १९१४ मध्ये इप्रच्या लढाईत मारला गेला. त्याचा विक्रम शंभराहून अधिक वर्षांनी मोडला तो आपल्या कल्याणमध्ये. जानेवारी २०१६ मध्ये के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेनं ३२७ चेंडूंत नाबाद १००९ धावा केल्या. रिक्षाचालकाच्या त्या मुलाच्या घरासमोर दुसऱ्याच दिवशी कॅमेऱ्यांची गर्दी झाली. त्यानंतर प्रत्येक लहान-मोठ्या सामन्यात त्याच्याकडून हजाराचीच अपेक्षा होऊ लागली. पुढे धावा आटल्या, आणि २०१७ मध्ये घरच्यांनीच क्रिकेट असोसिएशनला पत्रानं कळवलं की त्याला मिळणारी शिष्यवृत्ती थांबवा. या प्रामाणिकपणाला मी त्या हजार धावांहून कमी मानत नाही. त्या पत्रासाठी मात्र कुणी सत्कार ठेवला नाही.

आणि हरलेल्या संघाचं काय? १९८८ च्या त्या सामन्यात झेवियर्सकडून गोलंदाजी करणाऱ्यांत साईराज बहुतुले होता. ६६४ धावांची भागीदारी होत असताना तो षटकामागून षटकं टाकत राहिला. पुढे तोच लेगस्पिनर भारताकडून कसोटी खेळला आणि प्रथम श्रेणीत सहाशेहून अधिक बळी त्याच्या नावावर लागले. मी झेवियर्सचा शिक्षक असतो, तर त्या सामन्याचा धावफलक आमच्याही वर्गात लावला असता. एवढा मार खाल्ल्यावरही पुढच्या मोसमात पुन्हा चेंडू हातात घेणारं मूल आमच्या शाळेतलं आहे, हे सांगायला मला अभिमानच वाटला असता.

आता माजी विद्यार्थ्यांचे मेळावे भरतील. प्रमुख पाहुणे म्हणून ज्यांच्या नावामागे पद आहे, त्यांनाच बहुधा बोलावणं जाईल. त्यांनी यावं, त्यांचा मान आहेच. पण त्यांच्याबरोबर आणखी एखाद्या खुर्चीवर अशा कुणालातरी बसवावं, ज्यानं दीर्घ काळ आपलं काम नीट केलं आणि ज्याचं नाव वर्तमानपत्रात आलं नाही. गावातला उत्तम फिटर, तीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढलेली परिचारिका, तालुक्याच्या ग्रंथालयातली ग्रंथपाल, शाळेच्याच सामन्यांत वर्षानुवर्षं गुणलेखन करणारा माणूस. शोधायला वेळ लागेल; जुन्या शिक्षकांना फोन करावे लागतील, आणि निवृत्त शिक्षकांना अशा फोनचा आनंद होतो.

आणखी एक करता येईल. पाहुण्यांचं भाषण थोडं आटोपतं ठेवून वाचलेला वेळ आठवी-नववीच्या मुलांना द्यावा. चिठ्ठ्या आधी तपासून घेऊ नयेत. मुलं सरळ विचारतात: तुम्ही कधी नापास झालात का, तुम्हाला कोणत्या सरांची भीती वाटायची, तुम्हाला संघात घेतलं नाही तेव्हा तुम्ही काय केलंत. हे प्रश्न ऐकले की अनेक मोठी माणसं लिहून आणलेला कागद बाजूला ठेवून बोलू लागतात. मागच्या रांगेतून एखादी मुलगी असंही विचारेल, की तुमच्या बाकावर शेजारी कोण बसायचं, आणि तुम्ही पहिले आलात तेव्हा ते काय म्हणालं. त्या उत्तरासाठी पाहुण्यांना हवा तेवढा वेळ द्यावा.